कुठले जाधव? आडनावाचा माग आणि डीएनएचा माग

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या आजोबांना आपले आडनाव सांगून बघा. "जाधव" एवढ्यावर ते थांबणार नाहीत. "कुठले जाधव?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. गाव सांगितले की तालुका, मग आजोळ, मग कुलदैवत कुठले, देवक काय. मठ्ठा येईपर्यंत त्यांनी तुम्हाला कुठल्यातरी ओळखीच्या फांदीवर नेऊन बसवलेले असते. नाहीच बसवता आले, तर "मग ते जाधव निराळे" असे म्हणून ते जिलबीकडे वळतात.

नुसत्या आडनावाने माणूस कळत नाही, हे या आजोबांना कुणी शिकवावे लागत नाही. त्यांचा नातू मात्र नळीत लाळ भरून डीएनए चाचणीला पाठवतो आणि आपल्या आडनावाचा 'खरा वंश' आता शास्त्रोक्त कळणार म्हणून वाट बघत बसतो. अहवाल येतो तेव्हा त्यात अक्षरे आणि आकडे असतात, रंगीत नकाशा असतो, टक्केवारी असते. आडनाव कुठेच नसते.

नसणारच. आडनाव हा शब्द आहे, आणि शब्दाचा इतिहास भाषेत सापडतो. ते लावणाऱ्या घराचा इतिहास कागदांत सापडतो. रक्ताचा इतिहास पेशीत. हे तीन माग कधी काही पिढ्या बरोबर चालतात, कधी पहिल्याच वळणावर फुटतात. आडनावांवरून आपल्याकडे जी भांडणे होतात, त्यातली निम्मी तरी एका मागावरचा पुरावा उचलून दुसऱ्या मागावर ठेवल्यामुळे होतात असे माझे मत आहे.

आधी शब्द

मराठी आडनावांतली सर्वांत ओळखीची जात म्हणजे 'कर' लागणारी. चिपळूणकर, पंढरपूरकर, सातारकर. यात एक गंमत आहे जी चटकन लक्षात येत नाही. साताऱ्यात राहणाऱ्याला साताऱ्यात कुणी सातारकर म्हणत नाही, तिथे सगळेच साताऱ्याचे. हे नाव चिकटते ते गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर. म्हणजे 'कर' हे आडनाव वस्तीची खूण कमी आणि स्थलांतराची जास्त. शिवाय एकाच गावातून सोनारही बाहेर पडला, भिक्षुकही, तेलीही, आणि तिघांनाही नव्या गावाने तेच नाव दिले. तीन पेणकर एकमेकांना भेटले, तर त्यांच्यात सामाईक असे पेण एवढेच असू शकते.

दुसरी मोठी जात हुद्द्यांची. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले, पोतदार, इनामदार. पाटील हा शब्द जुन्या शिलालेखांतल्या 'पट्टकिल' वरून आला. गावाचा मुख्य तो पाटील, गावाचा हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी, परगण्याच्या पातळीवर हेच काम देशमुख आणि देशपांडे करायचे. आणि मग फारसीच्या टाकातून उतरलेली आडनावे. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फर्द म्हणजे हिशेबाचे पत्रक, ते लिहिणारा फर्दनवीस, त्याचा झाला फडणवीस, आणि बोलता बोलता फडणीस. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार बघणारा पारसनीस, रोजच्या घडामोडी टिपणारा वाकनीस. अस्सल पुणेरी वाटणारी ही नावे अर्धी इराणी आहेत. ती लावणारे इराणहून आले होते असे मात्र कुणी म्हणत नाही. शब्द परका असला तरी माणूस इथलाच असतो, हे या नावांच्या बाबतीत आपल्याला सहज पटते. पुढे तेच तत्त्व आपल्या स्वतःच्या आडनावाला लावायची वेळ आली की जड जाते.

हुद्द्याचे आडनाव म्हणजे खुर्चीचे नाव. त्या खुर्चीवर मराठा बसला, कुणबी बसला, आगरी, कोळी, लेवा, लिंगायत, जैन बसला, मुसलमानही बसला. म्हणून आज या सगळ्यांत पाटील आहेत. 'पाटील घराण्याचा डीएनए' शोधणे म्हणजे 'मुख्याध्यापकांचा रक्तगट' शोधण्यासारखे आहे.

राहिली टोपणनावे: काळे, गोरे, टकले, बोबडे, वाघ, कोल्हे, लांडगे, सातपुते. कुणा एकाला गावाने चिडवले आणि ते नाव नातवंडा-पतवंडांच्या मानगुटीवर बसले. काळे आडनावाची गोरीपान माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत, त्यामुळे यावर वेगळे काही सांगायला नको.

आता या सगळ्यात काळाचा मुद्दा घाला. आपल्याला वाटते आडनाव फार जुने, दगडावरची रेघ. प्रत्यक्षात दीडशे-दोनशे वर्षांमागे गेले, की ते चांगलेच पातळ होते. नाना फडणवीसांचे घराणे भानू. फडणिशी मिळाली आणि नावच फडणवीस झाले. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली आणि पुढे घराणे पदाच्याच नावाने ओळखले गेले. जोतीराव फुल्यांचे पूर्वज साताऱ्याकडच्या कटगुणचे गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरवायचे काम मिळाले आणि दोन पिढ्यांत गोऱ्ह्यांचे फुले झाले. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ; गावावरून आंबडवेकर लागले आणि शाळेत त्याचे आंबेडकर झाले. मास्टर दीनानाथांनी मंगेशी या गावावरून मंगेशकर घेतले आणि पुढच्याच पिढीत ते नाव जगाच्या कानावर गेले. या प्रत्येक घरात आडनाव बदलले तेव्हा रक्तात काडीचा फरक पडला नव्हता.

आडनाव पक्के गोठले ते इंग्रजी अमदानीत. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, कोर्टाचा कागद, पलटणीतली भरती: सगळीकडे एक रकाना आला आणि त्यात काहीतरी लिहिणे भाग पडले. मास्तरांनी विचारले, बापाने गाव सांगितले, मास्तरांनी शेवटी 'कर' जोडला, झाले. काही घरांत तर दोन भावांनी दोन शाळांत दोन आडनावे लावली. पुढे १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली. खुर्च्या मोडल्या, त्यांची नावे माणसांना चिकटून राहिली.

यादवांचे जाधव झाले, पण कुणाचे?

भाषेच्या मागावर खरी मजा येते ती राजघराण्यांशी जोडलेल्या आडनावांत. संस्कृतातला सुरुवातीचा 'य' प्राकृतातून येताना 'ज' होतो, हा नियमच आहे. यात्रेची जत्रा झाली, योगीचा जोगी, यंत्राचे जाते. त्याच वाटेने यादवाचा जाधव. तसाच स्वरांमधला 'म' मऊ पडून 'व' होतो: ग्रामाचे गाव, नामाचे नाव. आता परमार घ्या, पवार मिळतो. चाहमान घ्या, चव्हाण मिळतो. कदंबांचे कदम, शिलाहारांचे शेलार, चालुक्यांचे साळुंखे. हे ओढूनताणून नाही, शब्द खरोखर असे झिजतात.

याउलट गायकवाड म्हणजे 'गाय' आणि 'कवाड', कुणा पूर्वजाने दाराशी गायीचे रक्षण केले, ही सांगितली जाणारी कथा मला ऐकायला आवडते, पण तिची जातकुळी वेगळी. आधी शब्द होता, मग कुणीतरी त्याचे दोन तुकडे करून मध्ये गोष्ट बसवली, असा वास तिला येतो. मोरे हे मौर्यांचे की मोर पक्ष्याचे, या वादातही दोन्ही बाजू शब्दाच्या आवाजावरच लढतात.

समजा यादव ते जाधव हा प्रवास शंभर टक्के खरा आहे. त्यावरून काय सिद्ध होते? शब्दाचे कूळ सिद्ध होते. देवगिरीचे यादव राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला संपले. तोवर त्या नावाखाली राजाचे भाऊबंद होते, सरदार होते, शिलेदार होते, चाकर होते, आश्रित होते. राजाचे नाव लावणे हा मान होता आणि सोयही होती. सिंदखेडच्या लखुजी जाधवांचे घराणे आपला संबंध देवगिरीच्या यादवांशी सांगे. पण आज महाराष्ट्रात जाधव आडनावाची माणसे मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, आणखी कितीतरी समाजांत आहेत. पवार आणि चव्हाण तर मराठा, बंजारा आणि पारधी या तिन्ही समाजांत सर्रास सापडतात. पारध्यांत भोसले आहेत, शिंदे आहेत, काळे आहेत. या साऱ्यांचा एकच मूळपुरुष होता असे मानायला शब्दाच्या साम्यापलीकडे काही हाती नाही.

इथे दोन टोके गाठली जातात. एक म्हणतो आम्हीच अस्सल, बाकीच्यांनी नाव उचलले. दुसरा म्हणतो आडनाव सारखे म्हणजे आपण सगळे एकाच रक्ताचे. दोघांचाही पुरावा एकच: तीन-चार अक्षरे.

रामनामाची वही

रक्ताचा माग कसा काढतात ते आता पाहू. मुलाला बापाकडून एक गुणसूत्र मिळते, ज्याला वाय गुणसूत्र म्हणतात. ते बापाला आजोबांकडून मिळालेले, आजोबांना पणजोबांकडून. बाकीची गुणसूत्रे दर पिढीत पत्त्यांसारखी पिसली जातात, वाय मात्र जवळजवळ जसेच्या तसे उतरते. आपल्याकडे आडनावही बापाकडून मुलाकडे जाते. म्हणून आडनाव आणि वाय यांची जोडी लावून बघण्याची कल्पना संशोधकांना सुचली.

वायमध्ये काही जागी तीच चार अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. डीएनएची अक्षरे चारच: ए, टी, सी, जी. एका ठिकाणी जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए असे दहा-अकरा वेळा लिहिलेले असते. आता रामनामाची वही डोळ्यांसमोर आणा. आजी रोज एक ओळ लिहिते, दर ओळीत दहा वेळा राम. मुलगी ती वही बघून उतरवते, नात मुलीची बघून. शब्द चुकत नाही, पण कधीतरी डुलकी लागते आणि एका ओळीत अकरा राम होतात. तिथून पुढे त्या वहीवरून उतरवलेल्या प्रत्येक वहीत ती ओळ अकराचीच. दोन अनोळखी वह्या शेजारी ठेवल्या आणि सदतीसपैकी छत्तीस ओळी जुळल्या, तर त्या एकाच मूळ वहीवरून फार लांब नसलेल्या काळात उतरल्या असे म्हणता येते. दहा-बारा ओळींत फरक निघाला, तर त्यांचा संबंध आडनावे जन्माला येण्याच्याही आधीचा.

अशी डुलकी एका ओळीत साधारण दर हजार जन्मांत दोन ते चार वेळा लागते. त्यावरून काळाचा अंदाज बांधतात. तो अंदाजच असतो, 'नऊ पिढ्यांपूर्वी' असा नेमका आकडा कुणी छातीठोक सांगितला तर जरा थांबावे.

या पद्धतीचा पहिला गाजलेला प्रयोग इंग्लंडात झाला. ब्रायन साइक्स या संशोधकाने आपलेच आडनाव लावणाऱ्या ४८ पुरुषांचे वाय तपासले आणि २००० साली निष्कर्ष छापले. ४८ पैकी २१ जणांचे जुळले, म्हणजे सुमारे ४४ टक्के. बाकीच्यांची वाट कुठेतरी फुटलेली. दर पिढीला साधारण १.३ टक्के ठिकाणी बापाचे आडनाव आणि बापाचे वाय यांची फारकत झाली असावी, असा त्यांचा हिशेब होता. छोटा आकडा वाटतो. दहा पिढ्यांवर पसरून बघा: शंभर घरांतली बारा घरे गळतात. पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली, की दुर्मीळ आडनावांत वाय बरेच जुळते आणि स्मिथसारख्या, म्हणजे लोहार अर्थाच्या, गल्लोगल्ली सापडणाऱ्या आडनावात जुळणे योगायोगापेक्षा फारसे जास्त नसते. आपल्याकडच्या पाटील-जाधव-पवार-शिंद्यांनी यातून काय घ्यायचे ते उघड आहे.

फारकत म्हटले की लोकांच्या भुवया वर जातात. तसे काही असायलाच हवे असे नाही. आपल्याकडे त्याचे सगळ्यांत साधे आणि राजमान्य कारण दत्तक. दोन दत्तविधाने शेजारी ठेवून बघा. बडोद्याच्या गादीवर १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावातून मुलगा आणला, तेच सयाजीराव महाराज. ते गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतले होते. आडनावही तेच आणि बापाकडची ओळही तीच. कोल्हापूरच्या गादीवर १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक आला. तेच राजर्षी शाहू छत्रपती. आडनाव भोसले, वाय घाटग्यांचे. कायद्याने, धर्माने, लोकांच्या मनाने ते पूर्ण छत्रपती होते आणि त्यात कुणाला काही खोट वाटली नाही. एखाद्या प्रयोगशाळेत ती नळी गेली असती, तर तिथे 'जुळत नाही' असा शेरा पडला असता. शेराही बरोबर आणि छत्रपतीही बरोबर. प्रश्न दोन वेगळे आहेत एवढेच.

वतनदार घरांत तर वतन वाचवायला दत्तक ही रोजची बाब. बहुतेकदा भाऊबंदांतला मुलगा घेत, कधी बहिणीचा, कधी मुलीचा. घरजावई आला आणि सासऱ्याच्या गावाने त्याला सासऱ्याचेच आडनाव लावले, अशीही घरे आहेत.

१०२४ जणांतला एक

हे सगळे जुळले, अगदी दहा पिढ्या सरळ ओळ लागली, तरी एक हिशेब उरतो. मला विचाराल तर या सगळ्या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्षित तोच आहे.

आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दर पिढीला दुप्पट. दहा पिढ्या मागे गेलात, म्हणजे साधारण तीनशे वर्षे, पहिल्या बाजीरावाच्या काळात, की तुमच्या पूर्वजांच्या जागा होतात १,०२४. (नात्यातली लग्ने धरली तर प्रत्यक्ष माणसे त्याहून कमी, कारण एकच माणूस दोन जागी बसतो.) या १,०२४ जागांतली ज्याच्याकडून तुमचे आडनाव आणि वाय आले ती जागा एक. उरलेल्या १,०२३ जागांवर दुसऱ्याच आडनावांची माणसे बसली आहेत. 'आम्ही जाधव' असे आपण म्हणतो तेव्हा हजारातल्या एकाचा झेंडा हातात असतो.

त्यातही डीएनए सगळ्यांचा पोचतच नाही. दर पिढीत पिसताना तुकडे गळत जातात. दहाव्या पिढीतल्या त्या १,०२४ पूर्वजांपैकी निम्म्यांहून थोड्या कमीच जणांचा एखादा तुकडा तुमच्यात सापडेल. बाकीचे तुमचे खरे पूर्वज, त्यांच्याशिवाय तुम्ही झाला नसता, पण त्यांचे तुमच्या पेशीत नावालाही काही नाही.

वसईचे दिब्रिटो आणि चेऊलचे चेऊलकर

आडनाव आणि रक्त किती उलट्या दिशांना जाऊ शकतात, हे बघायला कोकणकिनाऱ्यासारखी जागा नाही.

वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत, पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात जे ख्रिस्ती झाले, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळाले: परेरा, लोपीस, डिमेलो, दिब्रिटो. आडनावे थेट लिस्बनची. माणसे सामवेदी, कोळी, भंडारी, इथल्याच मातीतली, घरात मराठीची आपली बोली बोलणारी. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे. गोव्यापासून मंगळूरपर्यंतच्या कॅथलिकांचा डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी तपासला, त्यांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तिथेही मुळे किनाऱ्यावरच्या स्थानिक समाजांतच निघाली, मुख्यतः गौड सारस्वतांशी जुळणारी.

आता उलट बाजू. रायगड जिल्ह्यात पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर, नवगावकर अशी आडनावे लावणारा एक समाज राहत होता. तेल गाळायचे काम करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. ते बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, असे ते सांगत आले. जुन्या हिंदी सिनेमातले चरित्र अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. २०१६ मध्ये त्यांच्या समाजाच्या डीएनएवर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी जुळणारा वाटा भरीव निघाला आणि भारतीय वाटाही तितकाच भरीव. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे.

म्हणजे दिब्रिटो आडनावावरून जो परका वाटला तो पिढ्यानपिढ्या इथला, आणि चेऊलकर आडनावावरून जो अस्सल कोकणी वाटला त्याच्या पूर्वजांतले काही समुद्रापलीकडचे. दोघांची आडनावे खोटी नाहीत. एकाचे नाव त्याला बाप्तिस्मा कुणी दिला ते सांगते, दुसऱ्याचे नाव तो कुठल्या गावात तेल विकत होता ते सांगते. आपणच त्यांना भलते प्रश्न विचारतो.

अहवालातली टक्केवारी

मग चाचणीतून काय कळते? तीन गोष्टी येतात, आणि तिन्हींची घड्याळे वेगळी चालतात.

पहिली म्हणजे गट: आर१ए, एच, एल, जे२ वगैरे. हे वाय गुणसूत्राचे फार जुने फाटे, हजारो वर्षांचे. आर१ए हा गट उत्तर भारतात आहे, महाराष्ट्रात अनेक जातींत आहे आणि पूर्व युरोपातही आहे. दोघे आर१ए निघाले म्हणून 'आपण भाऊ' म्हणणे हे दोघे आशियात राहतो म्हणून 'आपण शेजारी' म्हणण्यासारखे.

दुसरी टक्केवारी. कंपनीकडे जगभरच्या लोकांचे नमुने असतात, त्यांच्याशी तुमचा डीएनए ताडून ती काढलेली असते. नमुने बदलले की टक्के बदलतात. काही वर्षांनी तोच अहवाल नव्या आकड्यांनी येतो आणि लोक चक्रावतात. लाळ तीच, आजोबा तेच.

तिसरी नात्याची यादी, ज्यात तुमच्याशी डीएनएचे मोठे तुकडे जुळणारी माणसे येतात. ही जवळच्या चार-पाच पिढ्यांसाठी खरोखर उपयोगी. फक्त एक लक्षात ठेवा: तुमची नळी म्हणजे थोडी तुमच्या बहिणीची, चुलतभावाची, न जन्मलेल्या नातवाचीही नळी. त्यांना कुणी विचारलेले नसते.

आडनावापेक्षा डीएनएमध्ये जास्त ठळक दिसते ती जात आणि प्रदेश. कारण साधे आहे: लग्ने. २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातले वेगवेगळे समूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळले, आणि मग लग्नाचे दरवाजे बंद होत गेले. हरियाणातल्या राखीगढीच्या सिंधू संस्कृतीतल्या एका स्त्रीचा डीएनए पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने मिळवला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. साठाहून अधिक नमुन्यांतून एकच उपयोगी पडला. त्या बाईत गवताळ स्टेप प्रदेशातून आलेल्या लोकांचा अंश नव्हता. आजच्या बहुतेक भारतीयांत तो कमी-जास्त आहे. म्हणजे आपण सगळेच मिसळीचे आणि मग आपापल्या कप्प्यात दोन हजार वर्षे बसलेले. त्यामुळे मराठा पवाराचा डीएनए पारधी पवारापेक्षा मराठा मोऱ्याशी जास्त जुळण्याची शक्यता मोठी. शेजारच्या आजोबांनी "देवक काय?" विचारले होते ते उगाच नव्हते.

मग शोधायचे कुठे

कागदात. आणि माणसांत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगितले की पान निघते. तुमच्या खापरपणजोबाने स्वतःच्या हाताने केलेली मोडी सहीसुद्धा कधी कधी तिथे असते. कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे हेळवी येत, नंदीवर बसून, आणि घराच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात वतनाच्या भांडणांचे कागद आहेत. भाऊबंद भांडले म्हणून वंशावळी लिहिल्या गेल्या, हे त्या भांडणांचे उपकारच. मोडी यायला हवी, ती दोन-तीन महिन्यांत वाचण्यापुरती येते. अनेक घराण्यांचे कुलवृत्तांतही छापलेले आहेत. त्यांतली मधली पाने विश्वासाने वाचावीत, पहिली पाने, जिथे मूळपुरुष एखाद्या ऋषीला नाहीतर राजाला टेकलेला असतो, ती जरा मिठाबरोबर.

वतनाच्या वंशावळीत पुरुषच असतात, कारण वतन पुरुषांकडे जाई. श्राद्धाला बापाकडच्या तीन पिढ्यांची नावे घेतात, आईकडचीही घेतात, पण आईची आई, तिची आई, तिची आई अशी सरळ ओळ कुणी सांभाळलेली नसते. गंमत म्हणजे डीएनएने ती सांभाळली आहे. मायटोकॉन्ड्रिया नावाच्या पेशीच्या भागात १६,५६९ अक्षरांची एक छोटी साखळी असते, ती फक्त आईकडून येते. प्रत्येक माणसात आहे, मुलग्यातही. त्या ओळीला आडनाव मात्र नाही, कारण तिच्यातल्या प्रत्येक बाईचे आडनाव लग्नात बदलले.

आमच्या घरात ती ओळ एका पितळी पातेल्यावर सापडली. आईच्या आईच्या आईला लग्नात मिळालेले पातेले, काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले: तिचे नाव, 'हिस मामाकडून', खाली मामाचे आडनाव पवार. मामाचे आडनाव म्हणजे तिच्या आईचे माहेर, म्हणजे आणखी एक पिढी मागे. त्यापुढे गावाचे नावही कोरले होते. शंभर वर्षे राखेने घासून घासून त्यातली शेवटची दोनच अक्षरे वाचता येतात: 'वाडी'. पवार, अमुकवाडीचे. महाराष्ट्रात अशा वाड्या किती आहेत ते मोजायला मी अजून बसलेलो नाही.